स्टॉपरची गरम कडी

दसरा होऊन आठवडा झाला नसेल, तेव्हापासून आमच्या घरात सकाळच्या चहासोबत एकच वाक्य यायला लागलं, "बॅटरी बसली." कोणाची, असं कोणी विचारत नसे. बसण्यासारखी बॅटरी आमच्या घरात एकच होती, फावडीची. आई सिगडीवरचं भगोणं उतरवता उतरवता म्हणायची, "आज बी?" बाबा मान हलवायचे, चहा बशीत ओतायचे आणि न पिता उठून जायचे. तो बशीतला चहा मग मी प्यायचे. थंड चहाची मला आज जी चीड आहे ती तेव्हापासूनची.

फावडी म्हणजे आमचा जुना ट्रक. त्याच्या तोंडाला आठ फूट लांबीचं लोखंडी पातं बसवलेलं होतं. खाणीतून निघालेले कोळशाचे ट्रक आमच्या राजूर गावावरून रेल्वेच्या साइडिंगला, मालगाडी भरायच्या जागी, जायचे. ताडपत्री नावापुरती असायची, त्यामुळे वाटभर कोळसा सांडायचा, चाकाखाली त्याची भुकटी व्हायची, भुकटी उडू नये म्हणून टँकर वरून पाणी मारायचा, आणि ह्या सगळ्याचा शेवट घोट्याएवढ्या काळ्या लगद्यात व्हायचा. लगदा साचला की भरलेला ट्रक चढावर घसरायचा. तो लगदा पात्यानं कडेला ढकलून रस्ता मोकळा ठेवणं हे बाबांनी धरलेलं काम. थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ असाच पातं लावून ढकलतात, हे मी पुढे टीव्हीवर पाहिलं तेव्हा मला हसू आलं. रंग सोडला तर सगळं आमच्यासारखंच होतं. गाडीसुद्धा तशीच, रडकी.

पातं वर-खाली करायला बाबांनी भंगारातून एक हायड्रॉलिक पंप शोधून आणला होता आणि तो चालायचा बॅटरीवर. बटण दाबलं की पंप कण्हत कण्हत पातं उचलायचा. गाडी दिवसभर पहिल्या गिअरमध्ये, पायी माणसाच्या चालीनं. शंभर पावलांवर पातं वर, पुन्हा खाली. धुळीमुळे भरदिवसा पुढचे दिवे चालू, टपावर पिवळा दिवा गरगर फिरता. डायनॅमो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन हळू तर तोही हळू. म्हणजे बॅटरीत भरणं थोडं आणि उपसा मोठा. अशा गाडीची बॅटरी अधूनमधून बसणं काही नवल नव्हतं आणि तेच आमच्या डोक्यात बसलं होतं. नवल नसलेल्या गोष्टीचं कारण कोणी शोधत नाही. गाडी सरासरी आठवड्यातून एकदा बसायची तेव्हा आम्ही म्हणायचो, काम जास्त झालं. ती रोज बसायला लागली तेव्हाही आम्ही तेच म्हणत राहिलो.

आमचं घर राजूरच्या टोकाला होतं, दोन खोल्या आणि पुढे फावडी उभी राहील एवढं अंगण. कोळशाच्या गावात राहणाऱ्या बाईला दोनदा धुणं धुवावं लागतं, एकदा कपडे आणि एकदा दोरी. आई आधी ओल्या फडक्यानं दोरी पुसायची, मग कपडे वाळत घालायची. माठावर ओलं कापड, पिठाच्या डब्यावर कापड, वरणाच्या पातेल्यावर झाकण आणि झाकणावर कापड. तरी भाकरी मोडली की कधीमधी दाताखाली कच्च व्हायचं. दुपारी खाणीत सुरुंग उडाले की फळीवरची भांडी एकदम किणकिणायची. त्या आवाजावर आमचं जेवण ठरलेलं होतं. भांडी वाजली की आई ताटं घ्यायची. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, ठेचा. बाबा आणि हरिसिंगकाका तेवढ्यात हात धुऊन येत.

हरिसिंगकाका फावडीवर ड्रायव्हर होते. तीन कोसांवरच्या तांड्यावरचे. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य गावोगाव न्यायचे, हे ते फार तोऱ्यात सांगत. म्हणत, "भाऊ, आमी वाहतूकवाले जुने. तुमचे ट्रक काल आले." बाबांना ते 'भाऊ' म्हणत आणि बाबा त्यांना 'अरे हरिसिंग'. त्यांनी केबिनमध्ये एक टेपरेकॉर्डर बसवून घेतला होता आणि तो बाबांच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपत होता. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे सगळं त्या टेपवर ढकललं गेलं.

दसऱ्याला गाडी रंगवायची ही बाबांची रीत. बाकी ट्रकवाले गाडी धुऊन, हार घालून, नारळ फोडून मोकळे होत. बाबांचं म्हणणं, वर्षभर कोळशात लोळणाऱ्या गाडीला एक दिवस तरी अंगभर नवा रंग पाहिजे. दरवर्षी हे काम हरिसिंगकाका करायचे आणि ज्या पद्धतीनं करायचे ती पाहून माझा जीव जायचा. रुंद ब्रश, पातळ रंग, आणि समोर येईल त्यावर फासायचं. नटावर, बोल्टवर, वायरवर, एकदा तर बाबांच्या चपलेवर. त्या वर्षी माझी बारावी झालेली होती, आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनचा फॉर्म आणून कपाटात ठेवला होता, त्यावर घरात रोज थोडी कुरबुर चालायची. हात रिकामे होते. मी म्हटलं, ह्या वर्षी रंग मी देणार.

आईनं मला शिकवलेलं होतं की भांडं घासायचं तर कडीही काढून घासायची. मी तसंच केलं. जे सुटं होण्यासारखं होतं ते सगळं पान्यानं सोडवलं. खालचा गंज पॉलिश पेपरनं घासला, लाल ऑक्साइडचा एक हात, हिरव्या रंगाचे दोन हात, आणि चांगलं वाळल्यावर सगळं परत जागच्या जागी कसलं. चार दिवस लागले. हरिसिंगकाका कमरेवर हात ठेवून पाहत होते. म्हणाले, "बाई, गाडीचं लगन हाय का? नवरदेव कोनता पाह्यला?"

"तुमच्यासारखं फासत नाही मी," मी म्हटलं.

"फासलेली चालत होती वं," ते म्हणाले आणि हसत निघून गेले. माझ्या मनात त्यांचं ते हसणं बरीच वर्षं राहिलं.

पूजेच्या दिवशी फावडी खरंच देखणी दिसली. साइडिंगवरचे साहेबसुद्धा म्हणाले, ही नवी घेतली का. बाबा लाजले. दोन-तीन दिवसांनी गाडी रस्त्यात पहिल्यांदा मेली.

आधी दोष बॅटरीला गेला. ती जुनी होतीच. ती काढून पोत्यात घालून वणीला इस्माईलभाईंकडे गेली. इस्माईलभाई हे त्या भागातले ऑटो-इलेक्ट्रिकचे मोठे मिस्त्री. पण गाडी त्यांच्याकडे कधी जायची नाही. एक दिवस गाडी वणीला नेली तर इकडे रस्ता भरतो. त्यामुळे आमची पद्धत अशी की ज्याच्यावर संशय तो भाग खोलायचा, पोत्यात घालायचा, कोळशाच्या ट्रकवर बसून वणीला जायचं आणि इस्माईलभाईंच्या टेबलावर ठेवायचा. त्यांनी बॅटरी भरून पाहिली, पाणी पाहिलं, म्हणाले, "इसमें कुछ नहीं." बाबांना ते पटलं नाही. ते नवीच बॅटरी घेऊन आले. नवी बॅटरी तीन दिवस चालली आणि बसली. मग डायनॅमो पोत्यात गेला. इस्माईलभाईंनी तो टेबलावर मोटरनं फिरवून दाखवला, बल्ब लख्ख पेटला. "ये तो नवरदेव है भाऊ, इसको कायको लाये?" तरी कार्बन बदलून दिले. परत आणून बसवला. दोन दिवस. मग चार्जिंग सांभाळणारं कटआउट गेलं. नवं आलं. दोन दिवस. फॅनबेल्ट बदलला. एक दिवस. गाडीतला प्रत्येक भाग वणीची वारी करून, पास होऊन घरी येत होता आणि सगळे पास झालेले मिळून गाडी नापास होत होती. आज माझ्या दुकानात कोणी हातात नुसता डायनॅमो धरून आला की मी त्याला पाणी देते आणि सांगते, गाडी आण. लोकांना वाटतं बाई आढ्यतेखोर आहे. असेन.

ह्या सगळ्यात एक गोष्ट हरिसिंगकाका रोज सांगत होते आणि रोज ती हवेत जात होती. डिझेलचं इंजिन बंद करायला डॅशबोर्डवर एक स्टॉपर असतो. ओढायचा, की तारेनं पुढे इंजिनाचं डिझेल तुटतं. आमच्या स्टॉपरची प्लास्टिकची मूठ कधीच फुटून गेली होती, नुसती लोखंडी कडी उरली होती. काका म्हणत, "भाऊ, सेल्फ मारला का थे स्टॉपरची कडी पोळते. हाताले चटका बसते."

बाबांनी पहिल्यांदा ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा तिकडे पाहिलं नाही, तिसऱ्यांदा म्हणाले, "कडी पोळते म्हन्जे? बॅटरी काय कडीतून वाहून राह्यली का?"

सगळे हसले. मीही हसले. इस्माईलभाईंना सांगितलं तर तेही हसले, "इंजिन के पास है तो गरम नहीं होगी क्या?" वास्तविक बाबा चिडून जे बोलले ते अक्षरशः खरं होतं. आमच्यापैकी कोणीही हात पुढे करून ती कडी धरून पाहिली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण बाबा पोचायचे तेव्हा गाडी मरून अर्धा तास झालेला असायचा आणि कडी थंड. त्यामुळे हरिसिंगकाका बहाणे करतात हे त्यांच्या मनानं घेतलं.

एका सकाळी दोघांचं अंगणातच वाजलं. बॅटरी रात्रभर भरून लावलेली होती. सेल्फ रडत रडत दोन वेळा फिरला आणि थांबला. पण पातं मात्र बटणावर झटक्यात वर गेलं. बाबा म्हणाले, "पाह्य. पातं उचलाले जोर हाय, गाडीले नाई? तू काल टेप लावून बसला व्हता. खरं सांग."

"नाई लावला भाऊ."

"मंग कोन पेली बॅटरी?"

"मले काय मालूम? मी तं कडीचं सांगून सांगून थकलो. तुमी एकदा हात लावून पाहा ना."

"कडीचं नाव काढू नोको आता. माह्यं काम जाऊन राह्यलं अन् तुले गानं पाह्यजे."

हरिसिंगकाका केबिनमध्ये चढले. आम्हाला वाटलं पुन्हा सेल्फ मारतील. त्यांनी खिशातल्या पेचकसानं टेपरेकॉर्डरचे चार स्क्रू काढले, वायर दातानं सोलून तिच्या तोंडाला चिंधी बांधली, सीटवरची घोंगडी घडी केली, टेप तिच्यात गुंडाळला आणि खाली उतरले. आई हातात भाकरीचा घास तसाच धरून दारात आली. "भाऊ, भाकर तं खाऊन जा."

"नोको वैनी," ते म्हणाले. "बॅटरी मी पेलो, भाकर कायले खाऊ?"

आणि चालत तांड्याच्या वाटेला लागले. बाबांनी हाक मारली नाही. नऊ वर्षं ते दोघं एका ताटलीतलं लोणचं खात आलेले होते.

त्यानंतर बाबा स्वतः गाडी चालवायला लागले. टेप नव्हता, हरिसिंग नव्हता, आणि चौथ्या दिवशी अवेळी पाऊस पडून लगदा झालेल्या चढावर, पातं आडवं असताना गाडी मेली. मागे भरलेल्या ट्रकांची रांग. ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले, मग उतरून शिव्या द्यायला लागले, मग त्यांनीच पंधरा-वीस जणांनी धक्का मारून गाडी कडेला लावली. साइडिंगवरचे साहेब मोटरसायकलवर आले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "ह्यापुढे गाडी एकदा जरी रस्त्यात बंद पडली तर दुसरी येईल. मी सांगून ठेवलंय." बाबा घरी येऊन खाटेवर बसले. गुडघ्यापर्यंत काळे. आईनं पाणी दिलं. पाणी हातात धरून म्हणाले, "डायनॅमो दुसरा टाकून पाह्यतो." मला इतका राग आला की मी उठून बाहेर गेले. राग बाबांचा की गाडीचा ते सांगता येणार नाही. पंधरा दिवस झाले, सगळे जण तोच भाग खोलून तोच भाग लावत होते.

दिग्रसला माझे मामा रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान बंद करताना त्यांनी मला त्यांचा काट्याचा मीटर दिला होता, कशावर काय मोजायचं तेही दाखवलं होतं. मी तो घरातले सेल मोजायला वापरायचे. दुसऱ्या दिवशी बाबा डायनॅमोच्या शोधात वणीला गेले आणि मी मीटर घेऊन अंगणात आले. आईला म्हटलं, "तू केबिनमध्ये बस."

"मी? थ्या गाडीत?"

"बस. मी सांगीन तेव्हा बटण दाब."

नऊ वर्षं अंगणात उभ्या राहणाऱ्या त्या गाडीत आई पहिल्यांदा बसली. पदर कमरेला खोचून, दोन्ही हातांनी स्टेअरिंग गच्च धरून. गाडी जागेवर उभी होती तरी. गल्लीतल्या बायका पाहायला जमल्या. एक म्हणाली, "काय वं, निंगाली का नागपूरले?" आई म्हणाली, "हो, चाल, तुले बी नेतो." बाबांनी सकाळीच भरलेली बॅटरी लावून ठेवली होती. सेल्फ तिसऱ्या वेळी कसाबसा लागला.

आता मी काय केलं ते सांगते, कारण त्यात काही हुशारी नव्हती, नुसता क्रम होता. इंजिन चालू, दिवे चालू, आईचं बोट बटणावर. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजलं. काटा पावणेतेराच्या आसपास. चार्जिंग होत असलेल्या बॅटरीला चौदाच्या वर पाहिजे. म्हणजे डायनॅमो आळशी, असंच कोणीही म्हणालं असतं. पण मामांनी सांगितलेलं होतं, जिथं बनतं तिथं मोज आणि जिथं पोचतं तिथं मोज. मी मीटरचं एक टोक डायनॅमोच्या बोल्टवर ठेवलं, दुसरं डायनॅमोच्याच अंगावर. साडेचौदा. मी पुन्हा मोजलं. साडेचौदा. डायनॅमो पुरेपूर देत होता आणि बॅटरीपर्यंत पोचेतो दीड-पावणेदोन वाटेत हरवत होतं. मग प्रश्न एवढाच उरला की कोणत्या वाटेत. जायची वाट पाहिली, डायनॅमोचा बोल्ट ते बॅटरीचं प्लस. काटा जेमतेम हलला. ती वाट ठीक. मग परतीची, डायनॅमोच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. तिथे काटा उठला, दीडच्या पुढे गेला.

"काय झालं?" आई वरून ओरडली.

"सापडलं बहुतेक."

"मंग बटन सोडू का? बोट दुखून राह्यलं."

परतीच्या वाटेत दोनच जोड होते. बॅटरीपासून चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला एक, तो घट्ट आणि स्वच्छ. दुसरा इंजिनापासून चेसिसला, तांब्याच्या तारेची विणलेली पट्टी. इंजिन रबराच्या गादीवर बसलेलं असतं, त्याचा चेसिसशी करंटचा संबंध ह्या एका पट्टीनं. तिच्या दोन्ही बाजूंना टोकं लावली आणि हरवलेलं सगळं तिथे सापडलं. आईला गाडी बंद करायला सांगितलं. तिनं स्टॉपरची कडी ओढली. मी पट्टीचा बोल्ट सोडवला. गाडीच्या खाली काळोख होता, टॉर्च धरून पाहिलं. पट्टीच्या टोकाखाली, चेसिसवर, जिथं लोखंडाला तांबं लागायला हवं होतं तिथं गुळगुळीत हिरवा रंग होता. दोन हात. खाली लाल ऑक्साइडचा एक. कडेला एकही ओघळ नाही. इतकं नेटकं काम ह्या गाडीवर एकाच माणसानं केलं होतं.

हरिसिंगकाका दरवर्षी ह्याच पट्टीवर वरून रंग फासत. पट्टी न सोडता. त्यामुळे खालचा जोड बिनरंगाचाच राहायचा आणि गाडी चालायची. मी ती सोडवून, खाली रंग देऊन, वर परत कसली होती, आणि रंगातून करंट जात नाही. त्यानंतर सेल्फचा सगळा करंट जिथं वाट मिळेल तिथून परत जात होता, आणि इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत लोखंडाची एकच वाट उरली होती, स्टॉपरची तार. पंप तर सरळ चेसिसवर बसवलेला. त्याला पट्टीची गरज नाही, तो जोरात चालायचा, बॅटरी उपसायचा आणि उपसलेलं परत भरत नव्हतं.

मी गाडीखाली पडून राहिले. बऱ्याच वेळानं आईचे पाय दिसले. ती वाकून म्हणाली, "जिती हायस ना?" मी सांगितलं. तिला पट्टी, चेसिस काही कळलं नाही, रंग तेवढा कळला. म्हणाली, "पट्टी सैल झालती म्हन बाबाले. सैल तं कोनाची बी होते."

मी ते म्हणू शकले असते. बाबांनी मानलं असतं. मी पोरगी असून दोष शोधला ह्याचंच कौतुक झालं असतं. मी घासणीनं रंग खरवडला, लोखंड पांढरं होईतो पॉलिश पेपर मारला, बोल्ट कसला. आई पुन्हा वर चढली. सेल्फ एका झटक्यात लागला. बॅटरीवर काटा सव्वाचौदा. आईनं हात वर केले. मला मात्र आनंद म्हणून काही झाला नाही. माझ्या डोळ्यांसमोर दातानं वायर सोलणारा माणूस होता.

बाबा दुपारी आले, पोत्यात दुसरा डायनॅमो. गाडी चालू पाहून अंगणातच थबकले. मी सगळं सांगितलं. पट्टी सैल नव्हती, रंग मी दिला होता, कडी खरंच पोळत असणार, हे सगळं. सांगून झाल्यावर सुरुंग उडाले, भांडी वाजली. आईनं ताटं घेतली नाहीत. बाबांनी गाडीखाली वाकून त्या खरवडलेल्या जागेवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे हरिसिंगले कोन सांगन?"

"मी सांगते."

"दोघंबी जाऊ."

आम्ही फावडी घेऊनच गेलो. तांड्याच्या तोंडाशी हरिसिंगकाकांचं शेत. ते कापूस वेचत होते, कमरेला ओटी बांधलेली. त्यांची म्हातारी याडी, म्हणजे आई, बांधावर बसली होती. काय झालं म्हणून तिनं आम्हाला पाहून मोठ्यानं विचारलं, "कांई वेगो?" काकांनी तिला हातानंच गप्प केलं. मी बांधावरच उभी राहून बोलले. पाठ करून आले होते, निम्मं विसरले. ते ओटीतला कापूस दाबत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हन्जे कडी पोळत होती."

"हो काका."

ते गाडीपाशी आले. आत चढले नाहीत. खिडकीतून हात घालून त्यांनी स्टॉपरची कडी मुठीत धरली आणि बाबांना म्हणाले, "मारा सेल्फ." बाबांनी मारला. बंद करून पुन्हा मारला. असं चार वेळा. काकांनी हात काढला नाही.

"थंडी हाय," ते म्हणाले.

बाबा म्हणाले, "चाल मंग. उद्यापासून ये."

"नाई भाऊ." त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तांड्यातल्या ट्रॅक्टरवर बसतो म्हनून शबूद देल्ला म्या. अन् खरं सांगू का, पोरीच्या हातून चूक झाली, थे चूक हाय. शिकंल. तुमी तं नऊ वरसं मले ओयखता. हात लावून पाह्याले कितीक येळ लागते?"

काकांनी माझ्या ओंजळीत मूठभर बोरं टाकली आणि परत सरीत गेले. मला आजही वाटतं, त्यांनी मला असं माफ करून सोडायला नको होतं. सोडल्यामुळे फेडायची वाटच उरली नाही.

काम टिकलं. फावडी त्यानंतर रस्त्यात मेली नाही, निदान त्या कारणानं नाही. पुढच्या दसऱ्याला रंग मीच दिला आणि पट्टीच्या टोकाखाली रुपयाएवढी जागा उघडी ठेवली. आई पूजेचं ताट घेऊन वाकली आणि विचारलं, "इथं हळदकुंकू चालते का? का त्यानं बी बसते बॅटरी?" मी म्हटलं बाजूला लाव. तिनं बाजूला लावलं.

दुसरा ड्रायव्हर बाबांनी ठेवला नाही. गाडी विकेपर्यंत स्वतःच चालवली आणि पुष्कळदा मी शेजारी बसायचे. रोज सकाळी किल्ली फिरवायच्या आधी त्यांचा डावा हात पुढे जायचा आणि स्टॉपरच्या कडीवर टेकायचा. सेल्फ लागायचा, इंजिन धरायचं, पातं उचललं जायचं, तरी हात तिथेच असायचा. मग ते हात पँटला पुसायचे आणि पहिला गिअर टाकायचे. त्या कडीवरचा गंज त्यांच्या बोटांनी पुसून पुसून पार गेला होता.